कर्णबधिरांचा वाहन परवाना: सोलापुरात अर्ज भरण्यापासून चौकातल्या शिट्टीपर्यंत

"ऐकू येत नाही ना, मग लायसन्स मिळत नाही." सोलापुरात कर्णबधिर मुलगा किंवा मुलगी अठरा वर्षांची झाली, की हे वाक्य घरात कुणीतरी म्हणतेच. कधी काका म्हणतात, कधी शेजारी, कधी विजापूर रोडवर झेरॉक्सच्या दुकानाशेजारी टेबल टाकून बसलेला एजंट. हे चूक आहे. परवाना मिळतो. फक्त तो मिळवताना कागद कसे मांडायचे आणि मिळाल्यावर रस्त्यावर कसे वागायचे, हे कुणी नीट समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी कायदा, थोडक्यात. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ८ म्हणते, की अर्जदाराच्या आजारामुळे किंवा अपंगत्वामुळे त्याचे गाडी चालवणे लोकांना धोकादायक ठरणार असेल, तर परवाना नाकारता येतो. बहिरेपण म्हणजे धोका, असा त्याचा सरसकट अर्थ वर्षानुवर्षे लावला गेला. नॅशनल असोसिएशन ऑफ द डेफ या संघटनेच्या याचिकेवर १४ फेब्रुवारी २०११ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो खोडून काढला. कर्णबधिर व्यक्तीला अर्ज करू द्या, चाचणी देऊ द्या, ती पास झाली तर परवाना द्या, असा निकालाचा आशय होता. पुढे ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सर्व राज्यांना पत्र पाठवले आणि कर्णबधिरांना हलक्या मोटार वाहनाचा परवाना नाकारू नये असे कळवले. गाडी चालवणे हे मुख्यतः डोळ्यांचे काम आहे, ही त्यामागची भूमिका. या पत्राची एक प्रत छापून फाईलमध्ये ठेवा. सोलापूरच काय, कुठल्याही आरटीओत ती उपयोगी पडते. बऱ्याचदा समोरच्या कर्मचाऱ्याचा विरोध नसतो, त्याने असे प्रकरण आधी हाताळलेले नसते इतकेच.

बहिरेपणाची नोंद लपवायची की दाखवायची?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो आणि एजंट सगळ्यात वाईट सल्लाही इथेच देतात, म्हणून हा मुद्दा आधी घेतो.

जगात याची वेगवेगळी उत्तरे सापडतात. जपानने जून २००८ पासून अजिबात ऐकू न येणाऱ्यांनाही परवाना द्यायला सुरुवात केली, पण गाडीत रुंद आरसा आणि गाडीवर हिरव्या वर्तुळातल्या पिवळ्या फुलपाखराचे चिन्ह लावायला सांगितले. अमेरिकेतल्या काही राज्यांत परवान्यावर ऐकण्याबाबतची खूण मागून घेता येते. ती ऐच्छिक असते आणि तिचा उपयोग मुख्यतः पोलिसाने गाडी अडवली तर होतो. टेक्ससमध्ये 'पोलिसाशी संवादात अडचण' अशा अर्थाची नोंद करून मिळते. ब्रिटनमध्ये साधी कार किंवा मोटारसायकल चालवणाऱ्याला बहिरेपण कळवावेच लागत नाही, बस-लॉरी चालवणाऱ्याला मात्र कळवावे लागते.

आपल्याकडे अशी फुलपाखराची सोय नाही. आपल्याकडची खरी नोंद अर्जात होते, फॉर्म १ मध्ये. या स्वयंघोषणापत्रात मिरगी येते का, पंचवीस मीटरवरून गाडीची नंबरप्लेट वाचता येते का, रातांधळेपणा आहे का, असे प्रश्न असतात. त्यांतच एक प्रश्न ऐकण्याचा आहे. त्याचा आशय असा: नेहमीचे ध्वनिसंकेत ऐकू येणार नाहीत इतका बहिरेपणा तुम्हाला आहे का? हलक्या मोटार वाहनाचा अर्ज असेल, तर हे कानाच्या मशीनसह धरून पाहायचे आहे, असेही तिथे कंसात म्हटले आहे.

एजंट म्हणतो, "'नाही' टिक करा, कोण तपासतंय." असे करू नका. खोटी माहिती देऊन मिळवलेला परवाना कलम १९ खाली रद्द होऊ शकतो. रद्द होण्याची वेळ कधी येते? शांततेच्या दिवसांत कधीच नाही. ती येते अपघातानंतर, समोरच्या गाडीचा वकील तुमची फाईल उघडतो तेव्हा. चूक समोरच्याची असली तरी चर्चा तुमच्या कानांवर येऊन थांबते. उलट, फाईलमध्ये तुमचा बहिरेपणा आधीच लिहिलेला असेल, डॉक्टरांचे पत्र असेल आणि सगळे माहीत असूनही इन्स्पेक्टरने तुम्हाला पास केलेले असेल, तर त्या प्रश्नातली हवाच निघून जाते. ही नोंद तुमच्या बाजूचा पुरावा आहे. ती असण्यात तुमचाच फायदा आहे.

आता नेमके काय लिहायचे? मशीन लावून तुम्हाला हॉर्न स्पष्ट ऐकू येत असेल आणि अर्ज कारचा असेल, तर 'नाही' हेच खरे उत्तर आहे. मात्र मग गाडी चालवताना मशीन कानातच हवे, डॅशबोर्डच्या खणात नव्हे. मशीन लावूनही ऐकू येत नसेल तर 'होय' लिहा आणि सोबत डॉक्टरांचा फॉर्म १-ए, ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) व मंत्रालयाच्या पत्राची प्रत द्या. दुचाकीचा अर्ज असेल तर मशीनची ती मुभा गृहीत धरू नका, कारण कंसातली ओळ हलक्या मोटार वाहनापुरती आहे. खरे ते लिहा आणि फॉर्म १-ए जोडा. 'होय' लिहिल्यावर ऑनलाइन अर्ज अडला किंवा प्रत्यक्ष येऊन भेटा असे सांगितले गेले, तर घाबरून 'नाही' करू नका. कागद घेऊन जा.

कागदांची तयारी

आधार, वयाचा दाखला, पत्त्याचा पुरावा हे सगळ्यांना लागते तेच. तुमच्यासाठी जास्तीचे तीन कागद आहेत.

पहिला, ऑडिओग्राम. शक्यतो ताजा घ्या. लहानपणी शाळाप्रवेशासाठी काढलेला पिवळा पडलेला कागद चालवायचा प्रयत्न करू नका. त्यात मशीनशिवाय आणि मशीनसह असे दोन्ही आलेख असतील तर उत्तम. ऑडिऑलॉजिस्टला तसे आधीच सांगा, नाहीतर ते फक्त मशीनशिवायचा आलेख काढतात आणि पुन्हा जावे लागते.

दुसरा, दिव्यांग प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचे ओळखपत्र. परवान्यासाठी ते असलेच पाहिजे असे नाही, पण असले तर बोलणे कमी होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत ७० डेसिबल किंवा त्याहून जास्त श्रवणदोष असेल तर 'बधिर', आणि ६० ते ७० डेसिबल असेल तर 'ऐकण्यास कमी' अशी व्याख्या आहे. सोलापुरात यासाठी बहुतेकांची पायरी सिव्हिलची. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन भरायचा आणि तारखेला तपासणीला जायचे. यूडीआयडी कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणे बदलतो: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, त्यावर निळा. पांढऱ्या कार्डावर सरकारी सवलती मिळत नाहीत, पण परवान्याच्या फाईलमध्ये कागद म्हणून तेही चालते.

तिसरा, फॉर्म १-ए, म्हणजे डॉक्टरांचे वैद्यकीय प्रमाणपत्र. चाळिशी ओलांडलेल्यांना आणि व्यावसायिक वाहनाच्या अर्जदारांना तो लागतोच. तुम्ही वीस वर्षांचे असाल तरी घ्या. त्यातही ऐकण्याबद्दल प्रश्न आहे. डॉक्टरांना आधी सांगा की तुम्हाला परवाना नाकारण्यासाठी नव्हे, मिळवण्यासाठी खरे उत्तर हवे आहे. मशीन लावत असाल तर 'श्रवणयंत्रासह' हे शब्द त्यांच्या हस्ताक्षरात यायला हवेत. अजिबात ऐकू येत नसेल तर 'दृष्टी उत्तम, हातपाय आणि तोल व्यवस्थित, वाहन चालवण्यास योग्य' असा शेरा मागा. तोलाचा उल्लेख मुद्दाम करतो आहे. काही जणांचा श्रवणदोष आतल्या कानाशी निगडित असतो आणि त्यांना चक्करही येते. तसे असेल तर दुचाकीचा विचार डॉक्टरांशी बोलूनच करा. इथे कुणाची भीड धरू नका.

आणि नावे जुळवा. आधारवर 'व्यंकटेश', शाळेच्या दाखल्यावर 'वेंकटेश', यूडीआयडीवर तिसरेच काही. सोलापुरात तेलुगू आणि कन्नड घरांत हे फार होते. ऑनलाइन अर्ज आधारशी जुळतो, म्हणून आधारवरचे नाव प्रमाण धरा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवून घ्या.

लर्निंग

अर्ज परिवहन विभागाच्या सारथी पोर्टलवर भरायचा. शहर आणि आसपासच्यांनी सोलापूरचे कार्यालय निवडायचे, एमएच १३. अकलूज, माळशिरसकडच्यांचे कार्यालय वेगळे आहे, एमएच ४५. आधारने ओळख पटवली तर महाराष्ट्रात शिकाऊ परवान्याची परीक्षा घरी बसून देता येते. ज्यांना खिडकीवर बोलणे अवघड जाते, त्यांच्यासाठी ही सोय सगळ्यात मोलाची आहे. मोबाईल नंबर अर्जदाराचा स्वतःचा द्या, कारण सगळे ओटीपी मेसेजनेच येतात. अठराच्या आत, म्हणजे सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो फक्त ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा, तोही पालकांच्या संमतीने.

फॉर्ममध्ये वाहनाचा वर्ग निवडताना एक चूक हमखास होते, नव्हे, करवली जाते. 'दिव्यांग' म्हटले की समोरचा माणूस बदल केलेल्या वाहनाचा वर्ग निवडायला सांगतो. तो वर्ग ज्यांना हात-पायांच्या अपंगत्वामुळे तीन किंवा चारचाकी स्कूटर, हाताचा ब्रेक वगैरे बदल लागतात, त्यांच्यासाठी आहे. तुम्हाला तसा बदल लागत नाही. गिअरची मोटारसायकल आणि हलके मोटार वाहन हे नेहमीचेच वर्ग निवडा. चुकीचा वर्ग पडला तर परवाना हातात येऊनही तुम्ही साधी स्प्लेंडर चालवायला अपात्र ठरता.

केंद्रीय नियमांप्रमाणे शिकाऊ परवान्याची फी एका वर्गाला १५० रुपये, चाचणीचे ५०. पक्क्यासाठी चाचणीचे ३०० आणि परवान्याचे २००. वर थोडेफार जास्तीचे आकार येतात. पावती पोर्टलवरच मिळते. यापेक्षा फार मोठी रक्कम कुणी सांगत असेल, तर ती कशासाठी ते तुम्हाला कळतेच.

परीक्षेत १५ प्रश्न, त्यांतले ९ बरोबर यायला हवेत आणि प्रत्येक प्रश्नाला वेळ थोडा असतो. ऐकू येणाऱ्यांना हे सोपे वाटते. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या, खुणांच्या भाषेत वाढलेल्या कित्येक मुलांना मात्र खरी अडचण रस्त्यावर येत नाही, ती या पडद्यावरच्या वाक्यांत येते. चिन्हे त्यांना चटकन पाठ होतात. 'खालीलपैकी कोणत्या परिस्थितीत ओव्हरटेक करू नये' यातला 'नये' निसटतो. लेखी मराठी ही त्यांच्यासाठी जवळजवळ परकी भाषा असते, आणि ज्यांच्या घरी तेलुगू किंवा कन्नड बोलली जाते त्यांच्यासाठी तर आणखीच.

म्हणून तयारी उलटीकडून करा. आधी चिन्हांचा तक्ता: गोल चिन्हे हुकूम देतात, त्रिकोणी सावध करतात, चौकोनी माहिती देतात. मग खेळण्यातल्या दोन गाड्या घेऊन जमिनीवर खडूने चौक आखा आणि आधी कोण जाणार, हे करून दाखवा. मगच सराव प्रश्नसंच उघडा आणि प्रत्येक प्रश्नातला नकाराचा शब्द लाल पेनाने गोल करा. 'नये', 'नाही', 'मनाई', 'वगळता' हे चार शब्द ओळखता आले, की निम्मी भीती जाते. मुलाच्या जागी बसून दुसऱ्याने उत्तरे देऊ नयेत. ते बेकायदा तर आहेच, शिवाय ज्याला चिन्हांचा अर्थ माहीत नाही त्याला पुणे महामार्गावर सोडण्यात काय शहाणपण?

शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. मिळाल्यापासून तीस दिवस झाल्यावर पक्क्याची चाचणी देता येते. मधल्या काळात गाडीला पांढऱ्यावर लाल 'एल' आणि शेजारी पक्का परवाना असलेला माणूस हवा.

शिकताना

ड्रायव्हिंग स्कूल निवडताना एकच प्रश्न विचारा: शिकवणारा चालत्या गाडीत बोलून शिकवतो, की गाडी बाजूला घेऊन? कर्णबधिर विद्यार्थ्याने शिकवणाऱ्याच्या ओठांकडे पाहिले, की त्याची नजर रस्त्यावरून हटते. त्यामुळे नियम असा हवा: गाडी चालू असताना फक्त ठरलेल्या हातखुणा, समजावणे सगळे गाडी थांबवून. शिकवणाऱ्याचा हात स्टिअरिंगच्या उंचीवर, विद्यार्थ्याच्या नजरेच्या कोपऱ्यात दिसेल असा. डावे, उजवे, हळू, थांब, मागे घे, एवढ्या पाच खुणा पुरतात. दोन्ही बाजूंना ब्रेक असलेली गाडी असेल तर शिकवणाऱ्याचाही जीव थाऱ्यावर राहतो.

ऐकू येणारा माणूस क्लच-गिअरचा मेळ इंजिनाच्या आवाजावरून बसवतो. तुम्ही तो पायाच्या तळव्यावरून आणि गिअरच्या दांड्यावरून बसवा. इंजिनाची थरथर जाड बुटातून कळत नाही, म्हणून शिकायचे दिवस पातळ तळव्याचे बूट घाला. चप्पल नको. आरपीएमचा काटा असलेली गाडी मिळाली तर काही दिवस त्याच्याकडे पाहून गिअर बदला, नंतर हात आपोआप शिकतो.

काही गोष्टी ऐकू येणाऱ्या शिक्षकाच्या लक्षातच येत नाहीत, कारण त्या त्याला आवाजाने कळतात. वळण झाल्यावर इंडिकेटर बंद झाला की नाही, हे तो टिकटिकीवरून ओळखतो. तुम्हाला ती ऐकू येत नाही, म्हणून वळल्यावर डॅशबोर्डवरच्या हिरव्या बाणाकडे नजर टाकायची सवय लावून घ्या. इंडिकेटर सुरू ठेवून सरळ जाणारी दुचाकी सात रस्त्यावर किती जणांना फसवते ते तिथे दहा मिनिटे उभे राहिलात की दिसेल. तसेच हॉर्न. तो वाजतो आहे की नाही, हे तुम्हाला कळणार नाही. आठवड्यातून एकदा मित्राला समोर उभे करून वाजवून पाहा. ब्रेक लायनर घासत आल्याचा चिरका आवाज, सायलेन्सर फुटल्याचा, पट्टा सुटल्याचा, टायरमध्ये खिळा टिकटिक करत असल्याचा, हे सगळे आवाज तुमच्यापर्यंत पोहोचत नाहीत. तेव्हा गाडी बिघडायची वाट न पाहता ठरलेल्या दिवशी गॅरेजवाल्याकडे न्या आणि त्याला सांगून ठेवा, "तू ऐक, मी बघतो." सोलापुरातला गॅरेजवाला एकदा ओळखीचा झाला की पैसे न घेताही कान लावून देतो.

कार घेणार असाल तर मागे घेताना नुसती पिपाणी वाजवणारा सेन्सर काय कामाचा? कॅमेरा आणि पडदा असलेली घ्या, किंवा नंतर बसवून घ्या. आतला आरसा रुंद बसवा, बाहेरच्या आरशांच्या कोपऱ्यात छोटे बहिर्गोल आरसे चिकटवा. ते स्वस्त असतात आणि खरोखर कामाचे.

चाचणीचा दिवस

वेळ ऑनलाइन घ्या आणि सकाळची घ्या. एप्रिल-मेमध्ये दुपारी सोलापूरच्या ट्रॅकवर उभे राहणे ऐकू येणाऱ्यालाही झेपत नाही. नाव पुकारले जाते तिथे तुमची अडचण होते. म्हणून पोहोचल्या पोहोचल्या रांगेचे काम पाहणाऱ्या माणसाच्या हातात एक चिठ्ठी द्या:

"मला ऐकू येत नाही. माझा नंबर आल्यावर कृपया हाताने खूण करा. मी तुमच्या समोर उभा आहे."

इन्स्पेक्टरसाठी दुसरी चिठ्ठी ठेवा. त्यात पाच खुणांची चित्रे काढा आणि खाली लिहा, की चाचणीआधी काय काय करायचे ते एकदाच समजावून सांगा, चालत्या गाडीत या खुणा करा. सोबत भाऊ, बहीण किंवा मित्र असू द्या, पण गाडीत त्याने खुणा करू नयेत, म्हणजे नंतर कुणी बोट ठेवणार नाही. दुचाकीला आठचा आकडा काढताना पाय टेकू नका. कारला मागे घेणे, चढावर थांबून पुढे नेणे, वळताना हाताचा इशारा आणि आरशात पाहणे या गोष्टी तपासल्या जातात. आरशात पाहताना नुसते डोळे फिरवू नका, मान थोडी हलवा. इन्स्पेक्टरला ती दिसली पाहिजे.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. लाज तेव्हा वाटावी, जेव्हा चाचणीच घेतली जात नाही आणि "बहिरे आहात, जमणार नाही" असे तोंडी सांगून परत पाठवले जाते. तसे झाले तर वाद घालू नका. एकच गोष्ट मागा: नकार लेखी द्या. कलम १७ प्रमाणे परवाना नाकारायचा असेल तर कारणांसह लेखी आदेश द्यावा लागतो, आणि तो मिळाल्यापासून तीस दिवसांत अपील करता येते. 'लेखी द्या' म्हटल्यावर बरेचदा नकारच विरघळतो, कारण मंत्रालयाचे पत्र असताना नुसत्या बहिरेपणावर असा आदेश लिहायला कुणी धजत नाही. तरीही अडलेच, तर आपले सरकार पोर्टलवर तक्रार आणि पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे अर्ज, हे दोन रस्ते उघडे आहेत. दोन्हीकडे ऑडिओग्राम, फॉर्म १-ए आणि तारखांसह झालेला प्रकार जोडा. राग नको, तारखा हव्यात.

पास झालात तर स्मार्टकार्ड पोस्टाने घरी येते. यात एक बारीक गोम आहे. पोस्टमन आधी फोन करतो, तुम्ही तो उचलत नाही आणि पाकीट परत जाते. म्हणून त्या आठवड्यात शेजारी आणि पोस्टमन दोघांनाही सांगून ठेवा.

रस्त्यावर, आणि शिट्टी वाजल्यावर

गाडीच्या मागच्या काचेवर किंवा नंबरप्लेटच्या वर कानावर तिरकी रेघ असलेले चिन्ह आणि मराठीत 'चालकास ऐकू येत नाही' असे स्टिकर लावा. काही तरुणांना ते आवडत नाही. लोक वेगळ्या नजरेने बघतात, म्हणतात. मला विचाराल तर दुचाकीवर तरी लावाच. मागून हॉर्नवर हॉर्न मारणाऱ्या ट्रकवाल्याला 'हा मुद्दाम बाजू देत नाही' असे वाटण्यापेक्षा कारण कळलेले बरे. आणि खरा फायदा ट्रॅफिक हवालदाराच्या बाबतीत होतो. आसरा चौकात किंवा पार्क चौकात मागून शिट्टी वाजते, तुम्हाला ती ऐकू येत नाही, तुम्ही सरळ निघून जाता. त्याच्या दृष्टीने तुम्ही पळालात. पोलिसाने थांबवल्यावर न थांबणे हा गुन्हा आहे. मागे स्टिकर दिसला तर तो निदान पुढच्या चौकातल्या सहकाऱ्याला हाताने थांबवायला सांगू शकतो.

थांबवल्यावर काय करायचे? गाडी बंद करून स्टँडवर लावा, हेल्मेट काढा आणि परवान्याच्या मागे ठेवलेले कार्ड पुढे करा:

"साहेब, मला ऐकू येत नाही. कृपया समोर उभे राहून हळू बोला किंवा लिहून द्या. कागदपत्रे दाखवतो."

रात्रीची वेळ असेल तर आधी गाडीतला दिवा लावा, अंधारात ना ओठ दिसतात ना हात. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरचा परवाना ग्राह्य धरतात, पण मोबाईलमध्ये कार्ड, चिठ्ठी आणि परवाना हे सगळे एकाच वेळी शोधत बसायला लागू नये, म्हणून छापील कार्ड खिशात असू द्या. गुगलचे लाइव्ह ट्रान्सक्राइब मराठी बोलणे पडद्यावर अक्षरांत दाखवते. शांत जागी ते छान चालते, चौकात मात्र गोंगाटात गडबडते. त्यावर भिस्त ठेवू नका.

अँब्युलन्स आवाजाने कळणार नाही, ती आरशात दिसेल. आजूबाजूच्या गाड्या एकदम डावीकडे सरकायला लागल्या, पुढचे लोक मागे वळून पाहायला लागले, की समजा मागे काहीतरी आहे. अशा वेळी कारण शोधत बसण्यापेक्षा आधी डावीकडे व्हा.

सोलापूरचे म्हणून काही. हैदराबाद आणि विजापूरकडे जाणारी अवजड वाहने शहराच्या कडेकडेने दिवसरात्र धावतात. ओव्हरटेक करणारा ट्रक हॉर्नने सूचना देतो आणि ती तुमच्यापर्यंत येत नाही, म्हणून लेन बदलण्याआधी आरसा आणि मग खांद्यावरून मान वळवून एक नजर, असे दोनदा पाहा. गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रेलर ओढत येतात, बऱ्याच ट्रेलरना मागे दिवा नसतो आणि ट्रॅक्टरवर टेप मोठ्याने वाजत असते. ऐकू येणाऱ्याला निदान गाण्याने तरी कळते. तुम्ही ऊस सुरू झाल्यावर अकलूज-पंढरपूर पट्ट्यात रात्री गाडी चालवायचे टाळा. गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सिद्धेश्वर मंदिराच्या बाजूला गर्दी रस्त्यावर उतरते. तिथे गाडी नेण्यापेक्षा लांब लावून चालत जावे. आषाढीला दिंड्यांच्या रस्त्यावरही तेच.

हेल्मेट आणि कानामागचे मशीन यांचे जमत नाही. हेल्मेटच्या आतल्या फोमला मशीन चिकटले की शिट्टी सुरू होते, कानात बसवलेला मोल्ड हलतो आणि घामाने बॅटरी लवकर जाते. हेल्मेट घेताना मशीन लावूनच दुकानात जा आणि कानाच्या जागी पोकळी असलेले मॉडेल शोधा. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर डोक्यावरची चुंबकाची कॉइल हेल्मेट घालता-काढताना निसटून पडते. हेल्मेट आधी मागून खाली आणायचे, मग पुढे, म्हणजे कॉइलला धक्का कमी बसतो. महागडे यंत्र रस्त्यावर पडण्यापेक्षा थोडा वेळ गेला तरी चालेल. पण मशीनपायी हेल्मेटच घालायचे नाही, हा मार्ग नाही.

थोडे उरलेले

टॅक्सी, टेम्पो, रिक्षा, म्हणजे व्यावसायिक वाहनाच्या परवान्यात अडचण जास्त आहे. फॉर्म १-ए सक्तीचा असतो आणि मंत्रालयाचे २०१६ चे पत्र हलक्या खासगी वाहनांभोवती आहे. अमेरिकेतही मोठे ट्रक चालवणाऱ्यांना ऐकण्याची अट आहे, पण २०१३ पासून तिथे अर्ज करणाऱ्या कर्णबधिर चालकांना एकेकाला सूट द्यायला सुरुवात झाली. आपल्याकडे ज्यांना रोजगारासाठी हा परवाना हवा आहे, त्यांनी आधी खासगी परवान्यावर काही वर्षे अपघात न करता गाडी चालवून रेकॉर्ड तयार करावे, मग अर्ज करावा. नकार आला तर तो लेखी घ्यावा.

गाडी घेताना शोरूमवाला 'दिव्यांग सवलत' म्हणेल. कारवरची जीएसटीची ती सवलत अस्थिव्यंग असलेल्यांसाठी होती, श्रवणदोषासाठी नव्हती. त्या आशेवर बुकिंग करू नका.

वयाच्या तिशीच्या आत परवाना मिळाला तर तो चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो. तीस ते पन्नास या वयात मिळाला तर दहा वर्षे, पन्नास ते पंचावन्नमध्ये मिळाला तर साठीपर्यंत, त्यानंतर पाच-पाच वर्षे. नूतनीकरणाच्या वेळी पुन्हा फॉर्म १ भरावा लागेल आणि ऐकण्याचा तोच प्रश्न येईल. ऑडिओग्राम, मंत्रालयाचे पत्र आणि जुन्या फॉर्म १-एची प्रत असलेली फाईल तोपर्यंत जपून ठेवा. मधल्या काळात ऐकणे आणखी कमी झाले असेल तर त्या वर्षी नवा ऑडिओग्राम काढा.